अंधाऱ्या खोलीचा डोळा

इंग्लंडमधल्या विल्टशर परगण्यातल्या लेकॉक ॲबीत बहुतेक कॅमेरे वळतात ते मधल्या चौकाकडे. चौकाभोवती दगडी ओवऱ्या आहेत. त्यांच्या छतातल्या फासळ्या जिथे एकवटतात, तिथे नक्षीच्या गाठी कोरलेल्या. सॉल्झबरीची काउंटेस एला हिने पती गेल्यावर, १२३२ मध्ये इथे नन्ससाठी मठाची पायाभरणी केली. दिवसाचे सारे प्रहर प्रार्थनेच्या वेळांनी बांधलेल्या त्या बायकांना, ऊन ओवरीच्या कोणत्या खांबापर्यंत आलं आहे, हे पाठच असणार. आठव्या हेन्रीने १५३९ मध्ये मठ बंद केला. पुढच्या मालकाने चर्च पाडून इथे घर केलं, पण ओवऱ्या राहिल्या.

मला या वास्तूचं सर्वांत मोलाचं चित्र वाटतं ते मात्र वरच्या मजल्यावरच्या एका खिडकीचं. ऑगस्ट १८३५ मध्ये घराचा मालक हेन्री फॉक्स टॅल्बट याने कागदाला आधी मीठ, मग सिल्व्हर नायट्रेट लावलं आणि तो लहानशा लाकडी पेटीत ठेवला. अशा पेट्या घरभर मांडलेल्या असत. त्याची पत्नी कॉन्स्टन्स त्यांना उंदराचे सापळे म्हणे. टपाल तिकिटाएवढ्या त्या कागदावर खिडकीची जाळी उमटली. आज हाती असलेली जगातली सर्वांत जुनी निगेटिव्ह हीच.

आपल्याकडे खिडकीला गवाक्ष म्हणतात, म्हणजे बैलाचा डोळा. आणि लॅटिनमध्ये ‘कॅमेरा’चा अर्थच मुळी खोली. अंधाऱ्या दालनाने डोळा उघडला होता. त्याच्यासमोर टॅल्बटने तसंच दुसरं, वीतभर दालन ठेवलं. त्यात ना मनोरा आला, ना कमानी. आला तो या भिंतींनी सहा शतकं आत घेतलेला उजेड, तोही उलटा: काचा काळ्या, चौकटी फिकट. वास्तूचा फोटो घेणाऱ्याने आधी हे पाहावं, असं मला मनापासून वाटतं. भिंत कधीही टिपता येते. उजेडासाठी थांबावं लागतं.

पहिल्यांदा भिंगाखाली सुमारे दोनशे काचा मोजता येत होत्या, अशी नोंद टॅल्बटने करून ठेवली. आता चित्र विटलं आहे. प्रकाशाने रेखलेला तो कागद प्रकाशापासूनच जपावा लागतो. खिडकी जागेवर आहे. दक्षिणेचं ऊन तिच्यातून आत येतं आणि जमिनीवर तीच जाळी पडते, कोणी कागद धरो वा न धरो.