तेल कोणाचे?



दक्षिणेतल्या आमच्या गावच्या सिनेगॉगच्या समितीपुढे मागे एक प्रश्न आला. कमी वीज खाणारे दिवे, छपराला उष्णता अडवणारा थर आणि वर उन्हावर वीज करणाऱ्या तावदानांची रांग, यांसाठी सरकारी अनुदान मागावे काय? अर्ध्या तासाची सभा रात्री अकरापर्यंत चालली.

एक वडीलधारे काका, जन्म अलिबागकडचा, उठून म्हणाले, "लग्नात पाचशे पाने उठवणारी आपण माणसे. दिव्यांसाठी सरकारपुढे हात पसरायचा?" गबाई म्हणाले, "काका, पैसा आपल्याच कराचा. आपण नाही घेतला तर दुसरा कोणी घेईल."

दोघेही पैशाबद्दल बोलत होते. मला वाटते, पैशाच्या आधी नासाडीचा विचार व्हायला हवा. वेढा घातलेल्या नगराची फळझाडे तोडू नका, असे अनुवादाच्या विसाव्या अध्यायात सांगितले आहे. त्यावरून आपल्या ज्ञानी लोकांनी 'बाल ताश्हीत', म्हणजे व्यर्थ नाश करू नये, हा नियम काढला. ताल्मुदाच्या शब्बाथ प्रकरणात रव झुत्रा तो थेट दिव्याला लावतात. तेलाचा दिवा झाकून ठेवला किंवा नाफ्त्याचा उघडा ठेवला, तर तेल भराभर जळते, आणि असे करणारा ही आज्ञा मोडतो. तेल विकतचे की फुकटचे, स्वतःचे की दुसऱ्याचे, हे ते विचारीत नाहीत.

शनिवार तेल्यांच्या नातवंडांना हे समजावून सांगायला नको. कोकणात काचेच्या पेल्यात खाली पाणी, वर खोबरेल आणि त्यात वात असे. तेल मोजून घालीत. ते सरले की दिवा आपोआप शांत होई. विजेच्या दिव्याला असे माप नाही. शुक्रवारी संध्याकाळी लावलेला तो शब्बाथ निघेपर्यंत रिकाम्या दालनात जळत राहतो, कारण बटणाला हात लावायचा नाही. वेळेवर दिवे बंद करणारे शब्बाथचे घड्याळ मिळते. आमचेही आहे. ते बंद पडून किती दिवस झाले, हे मात्र सभेत कोणालाही सांगता आले नाही!

अशा अवस्थेत अनुदान मागणे मला जड जाते. घेणे लाजिरवाणे आहे असे नव्हे. रामबामने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या; त्यांत सर्वांत वरची, माणसाला पुन्हा मागायची पाळी येऊ नये असे साहाय्य करण्याची. दरवर्षी विजेचे बिल भरायला वर्गणी देण्यापेक्षा बिलच कमी करून देणे हे त्याच जातीचे साहाय्य आहे. पण आपल्या हातून होणारी नासाडी तशीच ठेवून दुसऱ्याच्या पैशाने तिच्यावर पांघरूण घालायचे, हे त्या पायरीवर बसत नाही. एखाद्या गरीब वस्तीतले बालकमंदिरही त्याच पैशाची वाट पाहत असेल.

इंग्लंडात २०२३ साली स्वयंसेवी व सामाजिक संस्थांसाठी दोन कोटी पंचावन्न लाख पौंडांची अशीच योजना निघाली. तिच्यात आधी तटस्थ जाणकाराने इमारत तपासून वीज व उष्णता कोठे वाया जाते ते सांगायचे, आणि कामासाठी पैसा त्यानंतर. ही रीत मला पटते. आपल्या देशात १९८० साली नव्या घरांवर उन्हाने पाणी तापविण्याची सोय कायद्याने सक्तीची झाली, तेव्हा तिचा खर्च घराच्या किमतीतच आला, आणि लोकांनी तो सोसला.

दुसरी भीती अशी, की बिल उतरले म्हणजे हात सैल सुटतो. जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ सालीच दाखवले होते, की थोड्या कोळशावर चालणारी यंत्रे आली तेव्हा कोळशाचा खप कमी न होता वाढला. आमच्याकडे बायकांच्या सज्जाचे दार उघडे टाकून वातानुकूलन चालते. वीज स्वस्त पडली तर ते दार कोण लावील?

शेवटी ठरले असे: घड्याळ स्वखर्चाने दुरुस्त करायचे, दारे-खिडक्यांच्या फटी बुजवायच्या, तीन महिन्यांची बिले ताडून पाहायची आणि उरलेल्या कामापुरताच अर्ज करायचा. गबाईंना हा उशीर पसंत नाही. अर्जाची मुदत तोवर टळेल असे ते म्हणतात, आणि तेही खोटे नाही. काकांनी तर अजून सही केलेली नाही. मात्र दुसऱ्याच दिवशी सकाळी ते पेटती मेणबत्ती घेऊन खिडकी खिडकीपाशी उभे होते, ज्योत कोठे हलते ते पाहत.