शुद्धलेखन आणि शील

औपचारिक पत्रात इंग्रजी शब्दाचे स्पेलिंग चुकणे हा बुद्धीचा दोष समजावा, शीलाचा समजावा, की केवळ सवयीचा? प्रश्न वरवर क्षुल्लक भासतो. परंतु ज्यांच्या हाती इतरांचे अर्ज निवडण्याचा अधिकार असतो, त्यांना तो टाळता येत नाही.

काही वर्षांपूर्वी शिष्यवृत्तीसाठी आलेले अर्ज पाहण्याचे काम मजकडे होते. एका अर्जात ‘सेपरेट’ या शब्दाच्या मध्यभागी ‘ए’ऐवजी ‘ई’ आणि ‘अकॉमोडेशन’मध्ये एकच ‘एम’ आढळला, आणि उरलेला मजकूर न वाचताच मी तो अर्ज बाजूस सारला. त्याच सायंकाळी एका आप्ताच्या विवाहानिमित्त लिहिलेल्या मराठी पत्रात मी ‘आशीर्वाद’ हा शब्द ‘आर्शिवाद’ असा लिहून गेलो. पत्नीने चूक दाखविली तेव्हा मी हसलो. ते हसणेच मागाहून मला बोचू लागले. परभाषेत चुकलेल्या मुलास मी शिक्षा केली होती. मातृभाषेत चुकलेल्या स्वतःला मात्र सहज क्षमा केली.

वस्तुतः इंग्रजी स्पेलिंग हे काही सनातन सत्य नव्हे. शेक्सपिअरच्या उपलब्ध सहा स्वाक्षऱ्यांतही त्याच्या नावाचे लेखन एकसारखे नाही. ऋण या अर्थाचा ‘डेट’ हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्यात ‘बी’ नव्हता. लॅटिन मूळ दाखविण्याच्या हौसेने पंडितांनी तो पुढे घातला. ‘आयलंड’मधील ‘एस’ तर चुकीच्या व्युत्पत्तीतूनच आला. म्हणजे विद्वानांची चूक तो नियम, आणि विद्यार्थ्याची चूक तो अपराध! आपल्याकडेही १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले, आणि जे लेखन तोवर शुद्ध होते ते एकाएकी अशुद्ध ठरले.

तर मग नियम सोडून द्यावेत काय? मुळीच नाही. संकेत सर्वांनी पाळल्यानेच वाचणाऱ्याचे श्रम हलके होतात. पाहुणा यावयाचा म्हणून आपण अंगण झाडून ठेवतो, तसेच पत्र तपासून धाडणे हे वाचकाविषयीचे सौजन्य होय. परंतु अंगणात एखादे पान राहिले म्हणून यजमान अतिथिधर्मास चुकला, असे कोणी म्हणत नाही. शब्दकोश हाताशी असूनही तो न उघडणारा निष्काळजी खरा. पण ज्याच्या घरात इंग्रजी वाचणारा तो पहिलाच, त्याच्या त्याच चुकीला तेच नाव देणे न्यायाचे नव्हे. शिवाय लिहिणाराने शुद्ध लिहावे हे जसे त्याचे कर्तव्य, तसेच वाचणाराने शेवटपर्यंत वाचावे हे त्याचे.

निवडीची यादी दुसऱ्या दिवशी जावयाची होती. तो अर्ज पुन्हा काढून वाचण्यास मला रात्रभर अवसर होता. मी तो वाचला नाही. ‘सेपरेट’मधील ‘ई’ खोडून ‘ए’ लिहिता येतो. माझ्या त्या चुकीची दुरुस्ती मात्र कोणत्याही कोशात सापडावयाची नाही.