टाकीचा कर्ता कोण?

काचेच्या टाकीत माती पसरली, वर रेती अंथरली, वॅलिस्नेरिया आणि क्रिप्टोकोरिनची रोपं खोचली, पाणी भरून दिवा आणि फिल्टर सुरू केला, की माणसाचं काम एका दिवसात आटोपतं. टाकी मात्र अजून जगण्याजोगी झालेली नसते. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो आणि तो त्यालाच घातक असतो. अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं बऱ्याच अंशी निरुपद्रवी असं नायट्रेट करणारे जिवाणू रेतीवर, फिल्टरच्या स्पंजवर पुरेसे वाढायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. मग ही टाकी केली कोणी? गीतेचा अठरावा अध्याय प्रत्येक कर्माला पाच कारणं सांगतो: अधिष्ठान (आधार), कर्ता, करण (साधन), चेष्टा (क्रिया) आणि दैव. जो एकट्या स्वतःलाच कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही, असंही तिथे म्हटलं आहे. हे बहुधा नम्रतेचा उपदेश म्हणून वाचलं जातं. मला ते वस्तुस्थितीचं काटेकोर वर्णन वाटतं.

यावर कोणी म्हणेल, अशा टाकीइतकी माणसाच्या मुठीतली जागा दुसरी नाही. उजेड, ऊब, कार्बन डायऑक्साइड, सारं तोच ठरवतो. ठरवतो खरा, पण त्यातून काय निपजेल ते त्याच्या हाती नसतं. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनज्ञानं लंडनमध्ये १८४९ साली दोन गोल्डफिश आणि वॅलिस्नेरिया एकत्र ठेवले. पानं कुजून पाणी गढूळ होऊ लागलं, तेव्हा त्यानं गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकं खाल्लं आणि समतोल साधला. पण नायट्रेट घडवणाऱ्या जिवाणूंचा उलगडा विनोग्रॅडस्की या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञानं केला तो १८९०च्या सुमारास, आणि नायट्रोस्पिरा गटातले काही जिवाणू दोन्ही पायऱ्या एकटेच पार पाडतात हे कळायला २०१५ उजाडलं. आपल्या टाकीत कोण राबतंय हेच ज्याला ठाऊक नव्हतं, त्याला तिचा एकमेव कर्ता कसं म्हणायचं?

याहून अवघड आक्षेप जबाबदारीचा आहे. कर्तृत्व पाचांत वाटलं, तर मासा मेल्यावर दैवाकडे बोट दाखवायला माणूस मोकळा! पण त्या पाचांत कर्ताही आहेच, त्याला वगळलेलं नाही. जिवाणू निवड करत नाहीत, वनस्पतीही करत नाहीत. मासा केव्हा सोडायचा हे मात्र माणूसच ठरवतो, आणि म्हणून तो दोष पूर्णपणे त्याचा. चिवट जातीचे मासे आधी सोडून त्यांच्या अमोनियावर टाकी तयार करण्याची जुनी पद्धत मला म्हणूनच अन्यायाची वाटते. तिथे जिवंत माशालाच करण बनवलं जातं आणि त्याचे कल्ले पोळतात. तेच काम बाटलीतल्या अमोनियाच्या मोजक्या थेंबांनी होतं. भरपूर वनस्पती अमोनिया शोषतात, मग थांबायचं कशाला, असंही विचारलं जातं. वाढीला लागलेल्या वनस्पतींबाबत ते खरं आहे. पण नव्यानं लावलेलं क्रिप्टोकोरिन सुरुवातीला बरेचदा पानं गाळतं, ती कुजून अमोनियात भरच घालतात, आणि काही खतावलेल्या मातींतूनही तो झिरपत राहतो. टाकलेला अमोनिया एका दिवसात नाहीसा होऊन नायट्राइटही शून्यावर येत नाही, तोवर माशाला त्या पाण्यात सोडण्याचा अधिकार आपल्याला पोहोचत नाही.