शिवीचे मूळ

नोकरीनिमित्त उत्तरेकडे आलेल्या मराठी माणसाच्या बोलण्यात सर्वांत आधी कोणता बदल होत असेल, तर तो हा की, तो हिंदी शिव्या शिकतो. भाजीवाल्याशी घासाघीस करण्याइतकी हिंदी त्याला अद्याप आलेली नसते. लिंगवचनाचे घोटाळे नित्य चालू असतात. परंतु दोनचार अपशब्द मात्र बिनचूक उच्चारात त्याच्या जिभेवर येऊन बसतात. ज्या गृहस्थाने साताऱ्यास किंवा नागपुरास असताना चारचौघांत वावगा शब्द कधी काढला नसता, तोच येथे बसच्या रांगेत उभा राहून नि:संकोचपणे शिवी देतो, आणि नवल असे की, त्यात त्याला काही गैर वाटत नाही. परक्या भाषेतील शिवी ही परक्या देशाच्या नाण्यासारखी असते. ती हातात खुळखुळते, पण तिची किंमत मनाला जाणवत नाही.

या सवयीचे समर्थन आमच्या स्नेह्यांकडून आम्ही पुष्कळदा ऐकले आहे, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर स्वत:ही केले आहे. शिवी हा केवळ एक ध्वनी आहे. तिचा शब्दश: अर्थ कोणाच्याही मनात नसतो. कोंडलेली वाफ निघून जाते एवढेच, असे हे समर्थन. हे म्हणणे वरवर पाहता पटण्यासारखे आहे. तथापि गेल्या हिवाळ्यात घडलेल्या एका लहानशा प्रसंगाने आमचा त्यावरील विश्वास उडाला.

आमच्या वसाहतीच्या कोपऱ्यावर कडुलिंबाखाली एक वृद्ध इस्त्रीवाला कोळशाची इस्त्री घेऊन उभा असतो. मेहुण्याच्या लग्नाला निघण्याच्या आदल्या दिवशी आम्ही आमचा एकुलता एक गरम कोट त्याच्याकडे दिला. सायंकाळी तो परत घ्यावयास गेलो, तो पाठीवर तळहाताएवढा करपलेला डाग! म्हातारा काही सांगू पाहत होता. आम्ही ते ऐकून घेतले नाही. त्या क्षणी आम्हाला हिंदी आठवली नाही. इतकी वर्षे गोळा केलेल्या त्या खुळखुळत्या नाण्यांपैकी एकही कामास आले नाही. आम्ही आमच्या गावाकडच्या मराठीत अशी एक शिवी हासडली, की जी आम्ही लहानपणी पाटाच्या पाण्यावरून हातघाईस आलेल्या माणसांच्या तोंडून ऐकली होती आणि आयुष्यात कधी उच्चारली नव्हती. म्हाताऱ्याला मराठीचे अक्षर कळत नाही. पण त्याने मान खाली घातली, आणि त्याचे हात थरथरू लागले. आमचा सात वर्षांचा मुलगा शेजारी उभा होता. घरी येताना त्याने विचारले, “बाबा, तुम्ही त्या आजोबांना काय म्हणालात?” आम्ही उत्तर दिले, “काही नाही.”

ज्याला शब्द कळला नाही त्याला घाव बसला, आणि ज्याने शब्द उच्चारला त्याला तो सांगण्याची लाज वाटली. शिवी जर नुसता ध्वनी असती, तर यांपैकी एकही गोष्ट घडली नसती. मग त्या म्हाताऱ्यापर्यंत जे पोचले, ते काय होते?

आम्ही ख्रिस्ती कुटुंबात वाढलो, आणि या प्रश्नाचे उत्तर लहानपणापासून आमच्या कानांवर पडत आले होते. ते मनात मात्र उतरले नव्हते. मार्काच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात एक वाद आहे. येशूचे शिष्य हात न धुता जेवतात, म्हणून परूशी आणि शास्त्री आक्षेप घेतात. सोवळ्याओवळ्याचे जग ज्यांनी पाहिले आहे त्या मराठी वाचकांना हा वाद समजावून सांगण्याची गरज नाही. येशूचे उत्तर असे की, बाहेरून आत जाणारे काहीही माणसाला विटाळवीत नाही. आतून बाहेर येते तेच विटाळविते. पुढे तो अंत:करणातून निघणाऱ्या दुष्ट गोष्टींची यादी देतो. तीत चोरी, खून आणि व्यभिचार यांच्याच पंक्तीला निंदा व गर्व बसविलेले आहेत. मत्तयाच्या बाराव्या अध्यायात हीच गोष्ट झाड आणि फळ यांच्या दृष्टांताने आली आहे: अंत:करण भरून वाहू लागले, की तोंड बोलते. म्हणजे या दृष्टीने पाहता जीभ शिवी निर्माण करीत नाही. ती आत तयार असलेला माल केवळ दारापर्यंत आणून पोचविते.

पण आत असते तरी काय? सामान्यत: आपण शिवीची मोजणी अश्लीलतेने करतो. शरीराचा किंवा नात्यागोत्याचा जितका ओंगळ उल्लेख, तितकी शिवी मोठी. डोंगरावरील प्रवचनात येशूने लावलेले माप अगदी निराळे आहे. ‘खून करू नको’ या जुन्या आज्ञेचा अर्थ उलगडताना तो ज्या शब्दांची उदाहरणे देतो, त्यांत ओंगळ असे काहीच नाही. एक आहे ‘राका’ हा अरामी शब्द. त्याचा अर्थ रिकामा, पोकळ डोक्याचा. दुसरा शब्द आहे ‘मूर्ख’. शाळामास्तर दिवसातून दहा वेळा उच्चारतात असे हे शब्द. आणि त्यांबद्दल न्यायसभेची आणि नरकाग्नीची भाषा! वाचणाऱ्याला प्रथम हे अतिशयोक्त वाटते. परंतु खुनाच्या आज्ञेखाली हे शब्द का घातले, याचा विचार केला म्हणजे उलगडा होतो. समोरच्या माणसाला ‘तू रिकामा आहेस’ असे म्हणणे, म्हणजे तू नसलास तरी जगाचे काही अडणार नाही, असे म्हणणे होय. खुनी माणूस जे हाताने करतो, ते तुच्छतेने मनातल्या मनात उरकलेले असते.

हे माप एकदा हाती आले, की आपल्यासारख्या कचेरीतील सभ्य माणसांचीही सुटका होत नाही. आम्ही टिप्पणीत कधी अपशब्द लिहिला नाही, लिहिणारही नाही. परंतु एखाद्या अर्जदाराच्या तिसऱ्या स्मरणपत्रावर जे थंड, नेमस्त, व्याकरणशुद्ध वाक्य आम्ही लिहितो, त्यात ‘राका’ हा शब्द किती वेळा दडलेला असतो, हे आमचे आम्हाला ठाऊक. उलट दोन जिवलग मित्र भेटताच एकमेकांना ज्या अर्वाच्य संबोधनांनी हाक मारतात, त्यांत तुच्छतेचा लवलेश नसतो. वाणीचा ओंगळपणा त्यामुळे क्षम्य ठरतो असे नाही. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात कुजक्या भाषेचा स्पष्ट निषेध आहेच. पण विष कोठे आहे आणि केवळ दुर्गंधी कोठे आहे, हा विवेक येशूच्या मापाने येतो.

शिवीचे दुसरेही एक मूळ बायबलात दाखविले आहे, आणि ते आपल्यासारख्या परमुलखात राहणाऱ्यांना विशेष जवळचे वाटावे. ते म्हणजे भीती. येशूला अटक झाल्यावर पेत्र यरुशलेमातील महायाजकाच्या वाड्याच्या अंगणात बसला होता. तो गालीलचा कोळी, राजधानीत परका. दोन दासींना त्याने कसेबसे टाळले. पण जवळ उभे असलेले लोक म्हणाले की, तुझ्या बोलण्यावरूनच तू त्यांच्यातला दिसतोस. त्याचा हेल त्याला भोवला! तेव्हा पेत्र शाप उच्चारू लागला आणि शपथा वाहू लागला, असे मत्तय सांगतो. मराठीत शपथ आणि शिवी हे दोन निराळे शब्द आहेत. इंग्रजीत मात्र दोन्ही क्रियांना एकच क्रियापद चालते. त्यातील मर्म या अंगणात दिसते. माणूस शपथेचा जोर आणतो, कारण त्याच्या साध्या शब्दात बळ उरलेले नसते. आणि शापाचा जोर आणतो, कारण त्याच्या स्वत:त बळ उरलेले नसते. परक्या शहरात ‘आपण यांच्यातले नाही’ ही जाणीव सतत टोचत असताना आमच्यापैकी कित्येकजण दांडगाईचा जो आव आणतात, त्याचे मूळ याहून फारसे निराळे नसावे.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो रास्त आहे. बायबलात शिव्याशाप काय थोडे आहेत? एकशे नववे स्तोत्र शत्रूच्या बायकापोरांनाही सोडीत नाही. ईयोब आणि यिर्मया आपल्या जन्मदिवसाला शाप देतात. खुद्द येशू परूश्यांना चुना लावलेल्या कबरा म्हणतो, आणि जो ‘मूर्ख’ शब्द तो इतरांना वर्ज्य करतो, तोच त्यांच्याविषयी वापरतो. आम्हाला यातून जो मार्ग दिसतो तो असा. स्तोत्रकार आपला संताप शत्रूच्या तोंडावर फेकीत नाही. तो देवापुढे नेऊन ओततो. आपल्या जनाबाईने विठोबाशी केलेले भांडण ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे अपरिचित वाटू नये. देवापुढे ओतलेला राग निवण्याची शक्यता असते. दुबळ्या माणसाच्या अंगावर ओतलेला राग त्याला भाजतो. आणि येशूचे कठोर शब्द कोणासाठी होते? जे आसनावर बसून इतरांवर ओझी लादीत, त्यांच्यासाठी. कोळी, जकातदार, पतित स्त्रिया, भिकारी यांच्यापैकी कोणाला त्याने ‘राका’ म्हटल्याचे आम्हाला स्मरत नाही. आमची शिवी मात्र नेमकी उलट दिशेने गेली होती. वरिष्ठांपुढे जी जीभ कधी वळली नाही, ती इस्त्रीवाल्यापुढे मोकळी सुटली.

मग उपाय काय? इ. स. 387 मध्ये अंत्युखिया नगरीत नव्या कराविरुद्ध दंगल होऊन सम्राटाचे पुतळे पाडले गेले, आणि सारे शहर शिक्षेच्या भयाने गोठून गेले. त्या दिवसांत योहान क्रिसोस्तोम या धर्मोपदेशकाने जी प्रवचने दिली, त्यांत तो पुन:पुन्हा एकाच गोष्टीकडे वळतो: शपथा वाहण्याची सवय सोडा. शहराच्या प्राणांवर बेतलेले असताना हा मनुष्य जिभेच्या सवयीवर का बोलत बसला, असे वाटते. पण संकट टाळणे नगरवासीयांच्या हाती नव्हते. जीभ हाती होती. सवयीचा लगाम हा खराच उपाय आहे. याकोबाच्या पत्रातही जिभेला घोड्याच्या लगामाची आणि तारवाच्या सुकाणूची उपमा दिली आहे. मात्र त्याच पत्रात पुढे कबुली आहे की, माणसाने सगळी श्वापदे वश केली, जीभ तेवढी वश झाली नाही. ज्या तोंडाने देवाला धन्यवाद द्यावे, त्याच तोंडाने देवाच्या प्रतिरूपाने घडलेल्या माणसाला शाप द्यावा, हे त्याला असह्य होते. एकाच झऱ्यातून गोड आणि कडू पाणी कसे येईल?

झराच बदलावा लागतो. पुनरुत्थानानंतर तिबिर्याच्या सरोवराकाठी येशू पेत्राला पुन्हा भेटला, तेव्हा त्या रात्रीच्या शापांचा आणि शपथांचा हिशेब त्याने मागितला नाही. त्याने तीनदा एवढेच विचारले की, तुझी माझ्यावर प्रीती आहे काय? वैद्याने जखमेच्या खपलीला हात न लावता रक्ताचीच शुद्धी करावी, तसा हा उपचार आहे.

त्या रात्री घरच्या प्रार्थनेत, ‘आमचे अपराध क्षमा कर’ या अर्थाच्या नित्याच्या वाक्यापाशी आमचा आवाज अडला. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडीची वेळ होण्यापूर्वी, आम्ही कडुलिंबाखाली गेलो. क्षमा मागण्यास लागणारी हिंदी आम्हाला नीटशी येत नव्हती, हे तेव्हा कळले. शिव्या शिकताना ती शिकावयाची राहून गेली होती. आम्ही काही बोलण्यापूर्वीच म्हाताऱ्याने कमरेची पुरचुंडी सोडली आणि विचारले, “साहेब, कोटाचे किती द्यायचे?” आम्ही वसुलीसाठी आलो आहोत, असे त्याला वाटले. यापेक्षा कठोर निवाडा आमच्या वाट्याला आयुष्यात आलेला नाही. कसेबसे शब्द जुळवून आम्ही काय ते सांगितले. त्याने ते कितपत मानले कोण जाणे. पुरचुंडी मात्र पुन्हा बांधली.

कोट आम्ही अजून वापरतो. डागावर अस्तराचा तुकडा लावून घेतला आहे. मुलाने मध्यंतरी पुन्हा तोच प्रश्न विचारला. या वेळी आम्ही ‘काही नाही’ म्हटले नाही. तो शब्द त्याला सांगितला नाही, पण अर्थ सांगितला: ते आजोबा म्हणजे कोणीच नाहीत असे तुझ्या बाबांना क्षणभर वाटले होते, आणि ते खोटे होते.