बंद पाकिटातले उत्तर

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ६.८ टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर आढळल्या. २००५-०६ च्या तिसऱ्या फेरीत हेच प्रमाण १६ टक्के होते. घट खरी आहे. मुली जास्त वर्षे शिकू लागल्या, लग्ने लांबली. तरीही असा आकडा वाचला की माझ्या मनात येते, हे उत्तर देताना त्या मुलीच्या आसपास कोण होते?

मुंबईतली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था १९९२-९३ पासून हे सर्वेक्षण करते आहे. पाचव्या फेरीत सहा लाखांहून अधिक घरे आणि सात लाखांहून अधिक स्त्रिया होत्या. नमुना निवडण्याचे शास्त्र पक्के आहे, आणि त्या शास्त्रावर उठसूट संशय घेणाऱ्यांशी माझे मुळीच जमत नाही. शंका येते ती दारातल्या संभाषणाविषयी. पहिल्या दोन फेऱ्यांत तर फक्त लग्न झालेल्या स्त्रियांनाच प्रश्न विचारले गेले. अविवाहित मुलगी देशाच्या या हिशेबात आली ती तिसऱ्या फेरीपासून. आजही १५ ते १७ वयाच्या अविवाहित मुलीशी बोलण्याआधी पालकांची परवानगी लागते. ती योग्यच आहे. पण आईने परवानगी दिली म्हणजे आई तिथून उठून जाते असे नाही.

पाहणीत रक्तातले हिमोग्लोबिन मोजता येते. संबंध, गर्भपात, लग्नाचे खरे वय या गोष्टी मात्र सांगितल्या तरच कळतात. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अठराच्या आतले संमतीचे संबंधही गुन्हा ठरतात, आणि अठराच्या आत मुलीचे लग्न लावणे हाही गुन्हाच. अशा वेळी खरे उत्तर म्हणजे घरच्यांविरुद्ध दिलेली साक्ष, असे त्या मुलीला वाटले तर तिला दोष कसा द्यायचा? शिवाय ६.८ टक्क्यांत गर्भपात करून मोकळी झालेली मुलगी मोजलीच जात नाही. २०१५ साली भारतात सर्व वयोगटांत मिळून सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले, असा 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मधल्या अभ्यासाचा अंदाज आहे. सरकारी नोंदींत त्यातले फार थोडे दिसतात.

२००६-०७ मध्ये याच लोकसंख्या विज्ञान संस्थेने पॉप्युलेशन कौन्सिल या संशोधन संस्थेबरोबर महाराष्ट्रासह सहा राज्यांतल्या तरुणांची पाहणी केली होती. तिथे मुलाखत संपल्यावर एक चिठ्ठी दिली जाई: लग्नाआधी संबंध आले होते का, त्यावर खूण करायची आणि चिठ्ठी पाकिटात घालून चिकटवून द्यायची. तोंडी 'नाही' म्हणालेल्या काहींनी पाकिटात 'हो' लिहिले. मला ही साधी युक्ती फार महत्त्वाची वाटते. दोन उत्तरांतला फरक म्हणजे भीतीचे मोजमापच. आणि ही चूक दोन्ही बाजूंनी सारखी होत नाही. न झालेला गर्भपात कोणी सांगत नाही. झालेला लपवला जातो. म्हणून असे आकडे 'निदान इतके तरी' म्हणूनच वाचावे लागतात.

आपल्याकडचे आकडे तर आणखी जपून वाचायला हवेत. पाचव्या फेरीत वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांत अठराच्या आत लग्न झालेल्या महाराष्ट्रात २१.९ टक्के होत्या, परभणीत मात्र ४८ टक्क्यांच्या आसपास. हा आकडा विशी ओलांडलेल्यांच्या उत्तरांतून निघतो, त्यामुळे ही लग्ने पाहणीच्या किमान दोन वर्षे आधीची. महाराष्ट्रातले पाहणीचे काम करोनाच्या टाळेबंदीपूर्वीच संपले होते. शाळा बंद पडल्यावर लावून दिलेली लग्ने त्यात कुठून येणार? आणि बीड-परभणीकडची जी कुटुंबे ऊसतोडीला जातात, त्यांच्या घराला त्या हंगामात कुलूप असते. पाहणीत बंद घराच्या जागी दुसरे घर घेत नाहीत. नियम बरोबर आहे, पण त्या घरातली सोळा वर्षांची मुलगी कोयता घेऊन फडात असते आणि यादीत तिची नोंद होत नाही.

उपाय अवघड नाहीत. पाकीट तर होतेच. आता टॅबलेट आणि हेडफोन आहेत. प्रश्न कानात ऐकू येईल, बोटाने उत्तर दाबता येईल, शेजारी बसलेल्या सासूला काहीच कळणार नाही. ऊसतोडीच्या पट्ट्यात पाहणी पावसाळ्यात, माणसे गावी असताना करता येईल. आणि जिल्ह्याच्या आकड्याशेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत, त्यातल्या चुकीची शक्यता छापता येईल.