घरांत घेतलेलें आणि घरचें झालेलें

शास्त्रपाठ : रोमकरांस पत्र ८:१५, २ शमुवेल, अध्याय ९.



दत्तक म्हणजे काय, हें आपल्या खेड्यांतील कोणास समजावून सांगावें लागत नाहीं. दत्तविधान एका दिवसांत होतें. नांव बदलतें, वारसा मिळतो. परंतु दत्तक आलेल्या लेकराचें मन त्या घरांत केव्हां रुजेल, हें कोणत्याही कागदावर लिहिलेलें नसतें. पौल प्रेषितानें रोमकरांस लिहितांना दासपणाची भीति आणि दत्तकपणाचा आत्मा या दोन गोष्टी एकाच वचनांत समोरासमोर ठेविल्या आहेत. दत्तक झाल्यावरही भीति मागें कां रेंगाळते, हें समजण्यासाठीं आपण आज एका मुक्या प्राण्याकडे पाहूं.

कोणी दयाळू गृहस्थ रस्त्यावरचें, धोंड्यांनीं जखमी झालेलें कुत्रें उचलून घरीं आणितो. नीतिमान मनुष्य आपल्या जनावराच्या जिवाची काळजी घेतो, असें नीतिसूत्रें (१२:१०) शिकवितात. तेव्हां हें कृत्य चांगलेंच होय. आणणारास वाटतें, आतां भाकरी मिळाली, छप्पर मिळालें, हें लागलेंच शेपूट हालवूं लागेल. पण तें बाजेखालीं शिरून बसतें. समोर माणूस असेपर्यंत भाकरीस तोंड लावीत नाहीं. घरधनीण केर काढावयास केरसुणी उचलते, तोंच तें अंग चोरतें. रात्रीं दाराकडे तोंड करून जागतें. ओढून बाहेर काढूं गेल्यास गुरगुरतें, प्रसंगीं चावतेंही. मग घरचीं माणसें म्हणतात, “किती हें कृतघ्न!”

बंधूंनो, हा कृतघ्नपणा नव्हे. उचललेल्या हातांत त्यानें आजवर धोंडाच पाहिला. त्याच हातांत भाकरीही असते, हें शिकावयास त्यास दिवस लागतात. जाणते लोक असा ठोकताळा सांगतात कीं, पहिली घाबरगुंडी ओसरावयास तीन दिवस, घराची रीत कळावयास तीन आठवडे, आणि घर आपलें वाटावयास तीन महिने. कित्येकांस याहूनही अधिक. तोंवर एक कोपरा त्याचाच असूं द्यावा. तेथें लेकरांनीं त्यास छेडूं नये. भाकरपाणी ठरल्या वेळीं, ठरल्या जागीं ठेवावें. काठी उगारूं नये. तें आपण होऊन जवळ येईपर्यंत थांबावें. पशुवैद्याकडून पिसाळण्याच्या रोगाची लस टोचवून घ्यावी. कोणास चावलेंच, तर जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें १५ मिनिटें धुवावी आणि लागलेंच सरकारी दवाखाना गांठावा. तिजवर हळद किंवा मिरची भरून घरीं बसूं नये. आणि कंटाळून त्यास पुन्हां शिवेबाहेर सोडून येऊं नये. उपासमार होईल अशा रीतीनें जनावर विनाकारण टाकून देणें हा १९६० च्या कायद्यानें गुन्हा आहे. दोनदां टाकलेल्या जिवाची भीति दुप्पट होते.

ही गोष्ट एकट्या जनावराची नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेला भूकंप आपल्या जिल्ह्यांत कोण विसरेल? सास्तूर आणि आसपासचीं गांवें त्यांत उद्ध्वस्त झालीं. पुढें नवीं, भक्कम घरें उभीं राहिलीं. तरीही कित्येकांस छताखालीं झोंप लागेना. ते बाहेर उघड्यावरच अंथरूण टाकीत. छप्पर नवें होतें, भीति जुनी होती. त्यांस कृतघ्न कोण म्हणेल?

आतां मफीबोशेथाकडे पाहा. योनाथानाचा हा मुलगा दोन्ही पायांनीं लंगडा असून लो-दबार येथें परक्याच्या घरीं राहत होता. दाविदानें त्यास बोलाविलें, तेव्हां तो पालथा पडला. भिऊं नको, असें राजानें सांगितलें; तरी त्यानें स्वतःस मेलेल्या कुत्र्याची उपमा दिली. माणसांस या नांवानें हिणविणारे पुष्कळ झाले. आम्ही त्यांत भर घालूं इच्छीत नाहीं. दाविदानेंही तो शब्द उचलून धरिला नाहीं, कीं त्याबद्दल त्यास दटाविलें नाहीं. त्यानें त्याचें वतन परत दिलें आणि आपल्या पंक्तीस नित्य त्याची जागा मांडविली. ‘नित्य’ या शब्दावर लक्ष द्या. एका जेवणानें जें होत नाहीं, तें रोजच्या पानानें होतें. अध्यायाच्या शेवटीं मफीबोशेथ राजाच्या पंक्तीस आहे, आणि तरी दोन्ही पायांनीं लंगडाच आहे. पाय बरे झाल्यावर जागा मिळाली, असें तेथें लिहिलेलें नाहीं.

उपदेशक बंधूंनो, आपल्या मंडळींत नवें कुटुंब येतें, दाराजवळ बसतें, गीताचा सूर धरीत नाहीं, आणि उपासना संपतांच निघून जातें. आपण लागलेंच म्हणतों, “यांचें मन अजून पालटलें नाहीं.” ज्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या “दूर हो” हेंच ऐकिलें, त्यांस “जवळ ये” हा शब्द खरा वाटावयास वेळ लागणार नाहीं काय? त्यांस साक्ष देण्यास ओढून उभें करूं नका. ठरल्या वारीं त्यांच्या ओसरीवर जा. प्रीतिभोजनांत त्यांचें पान आधीं मांडा. एक वर्ष असें करा, आणि मग त्यांच्या मनाविषयीं बोला.

आणि दाराजवळ बसणाऱ्या प्रिय बंधो, प्रिय भगिनी, तुझी भीति गेल्यावर पिता तुला आपलें म्हणणार आहे असें समजूं नको. त्यानें तुला आधींच लेकरूं म्हटलें आहे. भीति सावकाश जाईल; तुझी जागा मात्र आजपासून तुझी आहे.

प्रभु आपणां सर्वांस धीर धरणारें मन देवो. आमेन.