जातिवंत

'जात' हा शब्द माणसांविषयीं उच्चारतांना सुशिक्षितांच्या बैठकींत हल्लीं आवाज थोडा खालीं येतो. परंतु तोच शब्द कुत्र्याविषयीं बोलतांना मोठ्या अभिमानानें उच्चारला जातो. 'आमचा कुत्रा जातिवंत आहे, त्याच्या तीन पिढ्यांचे कागद आमच्याजवळ आहेत', असें सांगणाऱ्या गृहस्थास स्वतःच्या पणजीचें नांव विचारलें तर तो बहुधा घोटाळ्यांत पडेल. हा विनोद म्हणून सोडून देतां येईल, पण आम्हांस तो तसा सोडवत नाहीं. ज्या कल्पना आपण माणसांच्या व्यवहारांतून घालवूं पाहतों, त्या घराबाहेर न जातां ओसरीवर साखळीनें बांधलेल्या आढळाव्या, ही गोष्ट विचार करण्याजोगी खास आहे. शुद्धता हा प्राण्याचा गुण, कीं त्याच्या धन्याची गरज? आणि असें जनावर विकत घेऊन आपण नेमके कशाचे धनी होतों?

हा प्रश्न आमच्यापुढें स्पष्टपणें मांडला तो सातपाटीच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें. पालघरच्या पश्चिमेस समुद्रकांठीं असलेलें हें मच्छीमारांचें गांव पापलेटाबद्दल ख्यात आहे. ज्या रुपेरी पापलेटास २०२३ सालीं महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून मान मिळाला, त्याच्यावर येथील कित्येक संसार पिढ्यान् पिढ्या चालत आले. विद्यार्थ्याचे वडील आयुष्यभर तांडेल. अशा घरांच्या दारांत कुत्रीं असतातच, पण तीं कोणी आणलेलीं नसतात. होडी लागली कीं तीं किनाऱ्यावर हजर होतात, मासळीचीं टाकलेलीं डोकीं खातात, रात्रीं वाळत घातलेल्या बोंबलांपाशीं झोपतात. आणि त्या बोंबलांची तीं राखण करितात कीं त्यांतलेच चार लांबवितात, याविषयीं घरांत दोन मतें असतात. अशांपैकीं एक कुत्रा या तांडेलाच्या ओट्यावर बारा वर्षें राहिला. त्यास 'आपला' असें कोणी म्हटलें नाहीं. तो मेला तेव्हां तांडेलानें स्वतः खड्डा खणून त्यास पुरलें.

पुढें मुलास नोकरी लागली, घर पक्कें झालें, आणि त्यानें मुधोळ जातीची एक जोडी विकत आणली. घराण्यांतील हीं पहिलीं विकत घेतलेलीं कुत्रीं. त्यांच्याबरोबर पावती आली, वंशावळीचा कागद आला, अंगणास कुंपण आलें, आणि 'मालक' हा शब्दही आला. "सर, त्या जुन्या कुत्र्याचे आम्ही मालक नव्हतों," तो आम्हांस म्हणाला, "मग त्याला पुरतांना बाबा कां रडले? आणि ह्यांचा मी मालक, तर मला सारखी भीति कसली वाटते?"

भीति कशाची, हें सांगणें फारसें अवघड नाहीं. विकत घेतलेल्या कुत्र्याचें शरीर, त्याचें भुंकणें, त्याची भूक हीं ओट्यावरच्या कुत्र्याहून निराळीं नसतात. जास्तीचे पैसे दिले जातात ते एका अभावाचे: याच्या रक्तांत दुसरें कांहीं शिरलेलें नाहीं, या ग्वाहीचे. अभाव ही मोठी नाजूक मालमत्ता आहे. ती एका रात्रींत नष्ट होऊं शकते. पापलेटाची प्रत त्याच्या वजनावरून व ताजेपणावरून ठरते. त्याचा बाप कोण, हें बाजारांत कोणी विचारीत नाहीं. म्हणून पापलेट विकणारा माणूस भावाची काळजी करील, पण वंशाची काळजी म्हणजे काय तें त्यास ठाऊक नसतें. ती काळजी आमच्या विद्यार्थ्यानें रोख पैसे मोजून घरीं आणली होती.

आतां या जोडीच्या कुळाकडे पाहूं. मुधोळ हें आज कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यांत आहे. संस्थानें विलीन होईपर्यंत तेथें घोरपडे या मराठा घराण्याचें राज्य होतें. लांब तोंडाचें, खोल छातीचें, अंगानें सडपातळ व पळण्यांत वाऱ्यासारखें हें कुत्रें दख्खनच्या पठारावर पुष्कळ काळापासून आहे. आपल्याकडे सोलापूर-सांगलीच्या बाजूस त्यास 'कारवानी' म्हणतात. व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर तें पश्चिम व मध्य आशियांतून आलें असावें, असें या नांवावरून मानितात. तें पाळीत होते ते धनगर, शिकारी, शेताच्या बांधावर राहणारे लोक. त्यांच्यापाशीं वंशावळीची वही नव्हती. जें कुत्रें ससा धरी त्याचीं पिलें शेजारी मागून नेत. जें धरीत नसे त्याचीं नेत नसत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांचें या कुत्र्यांकडे लक्ष गेलें. त्यांनीं निवडक जोड्या राखून पैदास करविली आणि इंग्लंडास गेले असतां एक जोडी पांचव्या जॉर्ज बादशहास नजर केली. तेथून 'मुधोळ हाउंड' हें नांव रूढ झालें.

राजेसाहेबांचें श्रेय आम्ही कमी करूं इच्छीत नाहीं; त्यांच्या दृष्टीवांचून हें कुत्रें कदाचित् मागें पडलें असतें. परंतु एक गोष्ट नजरेआड करणेंही बरें नव्हे. हीच कुत्रीं झोपड्यांच्या दारांत होतीं तेव्हां तीं नुसतीं कुत्रीं होतीं. राजवाड्यांत गेलीं तेव्हां जातिवंत झालीं. त्यांच्या रक्तांत मधल्या काळांत कांहींच बदललें नव्हतें. बदलला तो धरणारा हात. ज्यांनीं शतकानुशतकें निवड केली त्या लोकांस समाजानें हलकें लेखिलें, आणि त्यांनीं घडविलेल्या जनावरास मात्र उच्च कुळाचा मान दिला!

निवड आणि शुद्धता या दोन गोष्टी आपण नेहमीं एक समजतों, पण त्या निराळ्या आहेत. निवडीमागें काम असतें. लष्करानें २०१६ च्या सुमारास मुधोळ कुत्रीं मेरठ येथें शिक्षणास नेलीं, तीं तेथें काय करूं शकतात हें पाहण्यासाठीं. यांत गैर कांहीं नाहीं. शुद्धतेचा आग्रह हा वहीच्या पोटीं जन्मला. लंडनचा केनेल क्लब १८७३ मध्यें स्थापन झाला, दुसऱ्या वर्षीं त्याची वंशनोंद छापली गेली, आणि वही हळूहळू कुत्र्याहून मोठी झाली. ठिपक्यांच्या डाल्मेशियन कुत्र्याच्या शुद्ध वंशांत मूत्रांतील आम्लाचा एक दोष सर्वत्र पसरला होता. अमेरिकेंत एका शास्त्रज्ञानें १९७३ सालीं एकदांच पॉइंटर जातीच्या कुत्र्याशीं संकर करून, पुढच्या पिढ्या पुन्हां डाल्मेशियनांशींच जुळवून, तो दोष नाहींसा केला. तरी त्या निरोगी संततीस अमेरिकन केनेल क्लबानें कायमचा प्रवेश दिला तो २०११ मध्यें. एवढीं वर्षें निरोगी कुत्रें अशुद्ध आणि रोगट कुत्रें शुद्ध मानलें जात होतें. आपल्याकडे तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर सशाची शिकारही गुन्हा झाली. कारवानी कुत्र्याचें मूळ काम गेलें, आणि कामाच्या अभावीं कागदाचें महत्त्व उलट वाढलें.

व्हावयाचें तें सातपाटीस झालें. माजावर आलेली कुत्री एका पहाटे कुंपणाखालून निसटली, आणि साधारण नऊ आठवड्यांनीं तिला सात पिलें झालीं. सातही किनाऱ्यावरच्या पिवळट कुत्र्याच्या तोंडवळ्याचीं. ज्यांच्याकडून जोडी आणली होती त्यांनीं सल्ला दिला, 'हीं नाहींशीं करा, कोणास दाखवूं नका'. आणि वर सांगितलें, 'कुत्री बिघडली. आतां तिचीं पुढचीं पिलेंही साफ निघणार नाहींत.'

या दुसऱ्या वाक्यापाशीं आम्हांस थोडें थांबावेंसें वाटतें, कारण तें फार जुनें आहे. १८२१ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें लॉर्ड मॉर्टन यांच्या घोडीची हकीकत प्रसिद्ध केली: क्वाग्गा या पट्टेदार जनावराशीं एकदां संकर झालेल्या घोडीस पुढें अरबी घोड्यापासून झालेल्या शिंगरांच्या अंगावरही पट्टे दिसले. डार्विनसारख्यानेंही १८६८ च्या आपल्या ग्रंथांत ही हकीकत खरी धरिली. शतकाच्या अखेरीस कॉसर युअर्ट यांनीं स्कॉटलंडांत झेब्रा व घोड्या घेऊन मुद्दाम प्रयोग केले, आणि पहिल्या नराची खूण पुढच्या संततीवर राहते या समजुतीस आधार मिळाला नाहीं. ती समजूत शास्त्रांतून गेली, पण पैदास करणाऱ्यांच्या तोंडून गेली नाहीं. आणि ती नेहमीं मादीविषयींच असते! त्या जोडींतील नर रोज किनाऱ्यावर मोकळा फिरे. त्याच्या शुद्धतेस कधीं धक्का लागल्याचें कोणी म्हटलें नाहीं. कोंडावयाचें तें मादीस, बिघडावयाचें तें मादीनें, आणि कलंक लागावयाचा तो तिच्या पोटास. हा नियम कुत्र्यांसाठीं प्रथम केलेला नाहीं, हें आमच्या वाचकभगिनींस सांगण्याची गरज नाहीं.

विद्यार्थ्यानें आमचें मत विचारलें. आम्ही एवढेंच म्हणालों कीं, मालकी म्हणजे दुसऱ्या जीवाच्या चुकण्यास जागा न ठेवणें, असा जर अर्थ असेल तर तो अर्थ आम्हांस मान्य नाहीं. ती कुत्री कुंपणांत आली ती आपल्या मर्जीनें नव्हे. तिला कोंडण्याचा अधिकार ज्यानें घेतला, त्यानें ती निसटल्याचा परिणामही घेतलाच पाहिजे. विकत घेतांना फायदा आपला आणि पिलें मात्र कोणाचींच नव्हेत, असा व्यवहार होत नाहीं. महाप्रस्थानाच्या वाटेवर धर्मराजाच्या मागें आलेलें कुत्रें त्यानें पाळलेलें असल्याचें महाभारत सांगत नाहीं. तें मागें आलें, एवढ्यावरून त्याचा त्याग करावयाचा नाहीं, असें त्यानें ठरविलें. मालकीचा प्रश्न तेथें निघालाच नाहीं.

तांडेलास हा सारा वाद ऐकविला तेव्हां त्यास तो नीट कळला नाहीं, किंवा कळूनही त्यानें मनावर घेतला नाहीं. त्याची अडचण निराळीच होती: पावसाळा जवळ आलेला, होड्या किनाऱ्यावर ओढावयाच्या, आणि ओढलेल्या होड्यांखालीं झोपावयास जुनीं कुत्रीं कमी पडत होतीं. पिलें दोन महिन्यांचीं झाल्यावर त्यानें सहा पिलें सहा नाखव्यांकडे स्वतः नेऊन पोंचविलीं. सातवें लंगडें असल्यामुळें घरींच राहिलें. कुंपणाचें फाटक आतां दिवसां उघडें असतें. ती कुत्री ओहोटीच्या वेळीं ओल्या वाळूवरून दूरवर धांवत जाते. लंगडें पिलूं थोड्या अंतरापर्यंत तिच्यामागें जातें आणि मग बसून राहतें.